शेवटच्या खोलीचं गाऱ्हाणं

“बाबा, गाऱ्हाण्यात द्रौपदीवहिनीचं नाव नको घेऊस,” राजेश हळूच म्हणाला. “ती कुठे देवाला मानते?”

लवूआजोबा नारळाची शेंडी नीट करत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. “ती नाय मानीत. मी मानतंय मा?”

राजेशने मागे वळून पाहिलं. मांडवात सगळी चाळ जमली होती. भांडुपच्या टेकडीवरची ही दहा खोल्यांची बैठी चाळ आता पडायची होती आणि तिच्या जागी इमारत उभी राहायची होती. आज आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, नारळ फोडायचा आणि मग कमिटीने बिल्डरच्या करारावर सह्या करायच्या, असं ठरलं होतं. बिल्डरचा माणूस पेढ्यांचे बॉक्स मांडीवर घेऊन बसला होता. राजेश कमिटीचा अध्यक्ष होता, त्यामुळे पहिली सही त्याचीच.

करारात घरं नऊच होती. शेवटची खोली द्रौपदीची. ती अजून तिच्या मेलेल्या सासूच्या नावावर होती, तेवढं निमित्त बिल्डरला पुरलं. दहावं घर वाचलं तर राजेशसकट कमिटीतल्या चौघांच्या नव्या घरात एकेक खोली जास्त काढून देतो, असं त्याने सुचवलं. चौघांनी हो म्हटलं नाही. ‘नाही’ तर मुळीच म्हटलं नाही. मग चौघांनी आपापल्या बायकोला सांगितलं, कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या चाळीला ठाऊक झालं. ठाऊक नव्हतं ते दोघांनाच. एक लवूआजोबा, दुसरी द्रौपदी.

परवाच ती राजेशला नळावर भेटली होती. “भाऊ, नव्या घरात ओट्याजवळ खिडकी येईल ना? फोडणी दिली की आमच्या पोरीला लय खोकला येतो.”

“येईल की,” राजेश म्हणाला होता. दुपारी त्याला जेवण गेलं नाही. रात्री गेलं.

आता ती मांडवाच्या कडेला उभी होती, नेहमीसारखीच. लग्न होऊन जालन्याकडून या चाळीत आली, तेव्हापासून ती दर वर्षी गाऱ्हाण्याला यायची. पण हात जोडायची नाही आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची नाही. “आम्ही बौद्ध. तुमच्या आनंदात येईन, हात मात्र नाही जोडणार,” असं तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. तेव्हा चारचौघींनी नाकं मुरडली. लवूआजोबांना मात्र ती त्या दिवसापासूनच आवडली.

कारण आजोबांचंही तसंच होतं. गाऱ्हाण्यात व्हय म्हटलं की ते देवाने ऐकलं, पुढे निभवायचं माणसाने, अशी त्यांची सरळ समजूत. गिरणी बंद पडली तेव्हा निम्मी चाळ सैरभैर झाली, आजोबा दारूला लागले. एका वर्षी दारू सोडतो म्हणून देवापुढे बोलून बसले आणि ती सुटलीच. मोडता येत नाही म्हणजे येत नाही. पोराला त्यांनी दुसरं काही शिकवलं नव्हतं. राजेशला ते आता आठवायला नको होतं.

आजोबा उठले. दोन्ही हातांत नारळ धरून त्यांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां नव्या घराचा काम हातात घेतंत, ता तडीक ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मांडव दणाणला.

“कोणाचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावेळी कमिटीचा आवाज जरा जास्तच चढला.

मग आजोबा एकेका घराचं मागणं मागू लागले. जयवंताच्या दर्शनाचं लग्न जुळू दे. धोंडिरामचा गुडघा बरा होऊ दे. किरणच्या धंद्याला बरकत दे. प्रत्येक मागण्याला सगळे ओरडत होते.

“आणि शेवटच्या खोलयेतल्या द्रौपदीबायेक, आमच्याच सोबत, नव्या बिल्डिंगीत तिच्या हक्काचा घर मिळांदे रे म्हाराजा!”

कोणीच काही बोललं नाही.

उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. आजोबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी तेच मागणं पुन्हा, अधिक मोठ्याने मागितलं. किरणने मोबाइल काढला. धोंडिराम गुडघा चोळू लागला. बिल्डरच्या माणसाला मालवणी कळत नव्हती, तो आपला हसत होता.

आजोबांनी डोळे उघडले आणि राजेशकडे पाहिलं. राजेशने तोंड उघडलं. व्हय म्हटलं तर त्या करारावर सही करता येणार नव्हती. आणि बापाच्या तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. त्याचे कान तापले. इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती. मांडवात एवढी माणसं होती, पण एकाचीही नजर वर नव्हती.

द्रौपदी दोन पावलं पुढे आली. हिला कळलं, राजेशच्या मनात आलं. आता ती चारचौघांत काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, म्हणून त्याने मान खाली घातली.

“म्हणा की भाऊ,” ती अवघडून म्हणाली. “मी मानत नाही म्हणून माझ्यासाठी कशाला थांबलात सगळे? मला नाही राग यायचा.”