चाळीसावी लेव्हल

'तीन दिवस वाया गेले. चाळीसावी लेव्हल सुटतच नाही. काढून टाकला गेम.'

अमरदीपनं ते वाचलं आणि बोटानं पान वर सरकवलं. एक तारा. त्याखाली आणखी एक तारा. बनवणाऱ्याचं डोकं तपासून घ्या, असं एकानं लिहिलं होतं. एक जण नुसतीच शिवी घालून मोकळा झाला होता.

'ढकल' हा त्याचा गेम लोकांसाठी खुला करून दोन महिने झाले होते. तंबाखूच्या वखारीतला एक हमाल, आणि त्यानं जागेवर लावायची पोती. पोतं ढकलता येतं, मागं ओढता येत नाही. कोपऱ्यात गेलं की खेळ संपला, परत पहिल्यापासून. अमरदीपच्या आप्पांनी, मायाप्पांनी, निपाणीच्या वखारीत तीस वर्षं हमाली केली होती. त्यावरूनच त्याला हे सुचलं होतं. त्यापायी त्यानं बेंगळूरची नोकरी सोडली आणि दीड वर्ष टिळकवाडीत बहिणीच्या दोन खोल्यांत बसून एकट्यानं गेम बनवला.

बहीण मैत्री त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, दवाखान्यात नर्स. दुपारी ती ड्यूटीवरून आली तेव्हा सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.

"जेवला न्हाईस व्हय रं?"

"भूक न्हाय, आक्का."

"काल बी न्हवती."

तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. आठवडाभर अंघोळीचाही पत्ता नव्हता. दवाखान्यात अशी माणसं तिनं पाहिली होती. त्यांच्याशी काय बोलायचं असतं तेही तिला ठाऊक होतं. घरच्या माणसाशी मात्र ते जमत नव्हतं.

"एवढी माणसं खोटं लिवतील व्हय?" तो भिंतीलाच म्हणाला. "मलाच काय येत न्हाय."

"मग ऊठ की. कॉलेजात संगणक शिकवायला बोलवाय लागल्यात न्हवं? जा तिथं. म्हैनाअखेरपतोर मुदत हाय."

मैत्रीनं ताट उचललं.

चार दिवसांनी फोन वाजला. सीमावासी नावाच्या कुणीतरी पाच तारे दिले होते.

'चाळीसावी सुटली. चार तास लागले. डोकं लावलं तर सुटते. असा गेम मराठीत पहिल्यांदाच पाहिला. पुढच्या लेव्हल येऊ द्या.'

अमरदीपनं ते सात-आठ वेळा वाचलं. मग उठून दाढी केली, अंघोळ केली. मैत्री आली तेव्हा तो स्वतःच वाढून घेत होता.

"आक्का, एकानं सोडवली!"

"म्हणलं न्हवतं?" ती पाठमोरी होऊन शेगडी पुसत म्हणाली. "आता डोकं ठिकाणावर आलंय तर कॉलेजात जाऊन ये."

त्या दिवशी तो तीन भाकरी जेवला.

कुणी कुठवर पोचलं ते कळायची सोय त्यानं गेममध्ये ठेवलीच नव्हती. लोक लिहितील तेवढंच कळायचं. आता शिव्या देणाऱ्या प्रत्येकाला तो उत्तर देऊ लागला. 'सीमावासी यांनी सोडवली आहे. तुम्हीही डोकं लावा.' लोक आणखी चिडले. त्याला हसू यायचं. दोन दिवसांआड सीमावासी एखादी ओळ लिहायचा, आणि तेवढ्यावर अमरदीपचे दोन दिवस सरायचे.

शुक्रवारी त्यानं कॉलेजला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मैत्री मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. "का रं?"

"खेळ कळणारा एक माणूस असला तरी बास झालं. आनी साठ लेव्हल करतो."

"एका माणसाच्या लिवण्यावर?"

"नुसतं लिवलं न्हाय गं, त्यानं सोडवलीया."

निवडलेली मेथी मैत्री देठांच्या ढिगात टाकत राहिली.

संध्याकाळी निपाणीहून आप्पांचा फोन आला. "जय भीम, अमर. त्या जागंचं काय झालं?"

"सोडली, आप्पा."

फोनमध्ये नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला.

रविवारी सकाळी अमरदीपनं ठरवलं, आता एकदाच सगळ्यांची तोंडं बंद करायची. चाळीसावी सोडवतानाचा व्हिडिओ करून लोकांसमोर ठेवायचा. बनवताना त्यानं ती स्वतःच्या संगणकावर पन्नासदा तरी सोडवली होती. लोकांच्या फोनवर गेलेला गेम मात्र त्यानं कधी खेळून पाहिला नव्हता.

फोन समोर टेकवून तो खेळायला बसला. चाली तोंडपाठ होत्या. तीन पोती जागेवर गेली. चौथं अडकलं. त्यानं परत सुरू केलं. परत चौथंच. अकरा वाजले, बारा वाजले. मैत्रीनं दोनदा जेवायला हाक मारली.

शेवटी त्यानं संगणक उघडला आणि दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले. लोकांसाठी चढवलेला नकाशा जुना होता, कच्चा. त्यात चौथ्या पोत्याच्या वळणावर एक भिंत जास्तीची होती. पोतं वळवायला हमालाला त्याच्या मागं उभं राहायला जागाच उरत नव्हती. कुणीही, कसंही, किती दिवस खेळलं तरी ते पोतं तिथं जाणार नव्हतं. पहिल्या दिवसापासून.

शिव्या देणारे सगळे बरोबर होते.

त्याच वेळी फोन वाजला. सीमावासी.

'चाळीसावी आज परत खेळलो. या वेळी दहा मिनिटांत सुटली.'

अमरदीपनं मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात मैत्री मोबाईल हातात धरून उभी होती, तो कधी हसतोय याची वाट बघत.