दोघींच्या गोळ्या

डॉक्टरीणबाई फोन ठेवून वळल्या त्या जवळजवळ हसतच.

"कळलं एकदाचं! छकुलीच्या डबीत नुसत्या खडूच्या खोट्या गोळ्या होत्या. औषधाचा कणसुद्धा नाही पोटात. आता पूर्ण इंजेक्शन द्यायला हरकत नाही."

पन्नाशी उलटली तरी बाई अजून छकुलीच. डावा पाय मांडीपर्यंत टम्म सुजलेला, शिरेत रक्ताची गुठळी, आणि सकाळपासून धाप. गुठळी छातीकडे सरकायला लागली की असंच होतं म्हणे. शेजारी नर्स रक्त पातळ करणारं इंजेक्शन भरत होती.

पलंगाशी उभ्या थोरल्या ताईची नजर त्या सुईवर खिळली. गुठळ्यांचं हे दुखणं दोघी बहिणींनी आईकडूनच घेतलेलं. जुनी औषधं सोसेनात म्हणून दोघी नव्या गोळीच्या प्रयोगात शिरल्या. कुणाच्या डबीत औषध, कुणाच्या खडू, ते डॉक्टरांनाही माहीत नसायचं; आज जिवावर बेतलं म्हणून त्यांनी फोनवर विचारून घेतलं होतं. एकीनं जगायचं आणि एकीनं खडू चघळत मरायचं, हा कुठला न्याय? ताईने घरी येताच दोन्ही डब्या एका बरणीत ओतल्या होत्या.

आता बोलावं, तर दोघींची प्रयोगातून हकालपट्टी, आणि मग दुसरं औषध आहे कुठे? गप्प बसावं, तर औषधावर औषध चढायचं. तसं झालं की रक्त कुठून फुटेल याचा नेम नसतो, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

छकुली तिच्याकडे डोळे वटारून बघत होती. गप्प बस, अजिबात बोलू नको.

"थांबा!" ताईचा आवाज चिरकला. "टोचू नका. आम्ही गोळ्या एकत्र केल्या होत्या. हिच्या पोटात माझी गोळी असेल."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, काय केलंत हे? आता रक्त तपासायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल. तोवर हिनं तग धरायला हवा ना!"

"हिचं काय ऐकता, डॉक्टर?" छकुली धापा टाकत म्हणाली. "द्या इंजेक्शन. हिनं डब्या ओतल्या ना, त्याआधीच मी दोन्हींतली एकेक गोळी चाटून बघितली होती. माझी बेचव. हिची कडूजहर."

"मग?"

"मग काय? सकाळी गोळ्या मीच काढायचे. जिभेला लावायची, कडू असली की हिच्या हातावर, बेचव माझ्या तोंडात. ज्याचं त्याला."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि नर्सला मान हलवून खूण केली. सुई आत गेली. "म्हणजे प्रयोगाला धक्का नाही," त्या पुटपुटल्या. हायसं वाटल्याचं त्यांना लपवता आलं नाही.

ताई तिच्याकडे वळली. "वेडे, अगं तुला कळलं होतं, तरी?"

"तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस?"

छकुलीने मोकळ्या हाताने उशीखाली चाचपून कागदाची पुडी काढली.

"सकाळच्या धावपळीत तुझी गोळी राहिली बघ. घे. आणि तोंड वाकडं करू नकोस."

ताईने ओठ घट्ट मिटले. छकुलीने हात तसाच पुढे धरला होता.