मापाचं झंपर

“आई, हात जरा वर करा बरं,” सृष्टी म्हणाली.

दीपमालाने हात खांद्यापर्यंत नेले आणि तिथंच थांबवले. त्याच्या वर ते कधी जायचेच नाहीत. काखेत झंपर काचायचं, पाठीची शिवण ताणायची. त्यांच्या घरात वरच्या फळीवरचा डबा नेहमी पुरुषच काढून द्यायचे. बायकांचे हात पोचत नाहीत, असंच सगळे धरून चालले होते.

सृष्टी म्हणजे तिची होणारी सून. सांगलीची, घरीच शिवणकाम करणारी. सकाळी दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून लग्नाचा बस्ता बांधला होता आणि वराकडची, फलटणची सगळी माणसं जेवायला सृष्टीच्या घरी थांबली होती. पुरुषांच्या गप्पा बाहेर रंगल्या होत्या. आतल्या खोलीत दीपमाला, सृष्टी आणि कॉटवर दीपमालाची सासू, धोंडुबाई. वरमाईच्या शालूवरचं झंपर मीच शिवणार, म्हणून सृष्टी हटून बसली होती.

दीपमालाने रीतीप्रमाणे पिशवीतून एक जुनं झंपर काढून दिलं होतं. गावाकडं बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धत नाही. एक झंपर मापाचं म्हणून शिंप्याकडं टाकायचं, तो त्यावर बेतून दुसरं शिवतो. जुनं विटलं की नव्यातलं एक मापाला ठेवायचं. शिंपी बदलतात, फॅशनी बदलतात, मापाचं झंपर मात्र विरजणासारखं चालूच राहतं. सृष्टीने ते उलटंपालटं करून बघितलं, बाजूला ठेवलं आणि टेप उचलली.

“ऱ्हाऊ दे गं,” दीपमाला म्हणाली. “माझ्या अंगावर काय बी शोभत न्हाई. मी म्हागं बसंन. फोटोत मला काय करायचंय?”

ती हसत बोलली, पण हे तिने लग्न ठरलं त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं होतं. एकुलता एक राजवर्धन फौजेतून सुट्टी काढून येणार, बोहल्यावर उभा राहणार, आणि आई त्याच्याशेजारी फोटोत नसणार. तिचा भाऊ पैलवान. खांदे मात्र चुकून बहिणीला मिळाले, असं जावा म्हणायच्या. थट्टाच ती, पण दीपमालाने मनाला लावून घेतली. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही पदर दोन्ही खांद्यांवरून. नवरा नोकरीत असताना जिथं बदली होईल तिथून हौसेने साडी आणायचा. त्या सगळ्या पेटीत पडून होत्या. नवी साडी नेसायची म्हणजे पुन्हा नवं झंपर आलं, आणि झंपर घातलं की अंगाचा राग यायचा. काखेपाशी शिवणीचा काळा वळ कायमचा उठला होता. अंग भरत गेलं तशी कुशीतली शिवण तिने उसवून सैल केली, पण खांद्याला उसवायला काही नसतंच.

सृष्टीने खांद्याचं माप घेतलं. मग तीच टेप जुन्या झंपरावर लावली, आणि पुन्हा एकदा लावून बघितली.

“आई, हे तुमच्या मापाचं नाहीच. खांद्यात चार बोटं कमी आहे. काखेचा मुंढा तर लहान मुलीचा. तुमचे खांदे किती छान आहेत. शालूचा जड पदर असल्या खांद्यांवरच शोभतो. गळा जरा खोल घेऊ, बाही कोपरापर्यंत. आणि पदर एकाच खांद्यावर घ्यायचा हं.”

आजवर त्या खांद्यांना कुणी छान म्हटलं नव्हतं. दीपमालाचे डोळे भरून आले. या पोरीचे उपकार कसे फेडावेत तिला कळेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि भलतंच आठवलं.

माहेरी ती ड्रेस घालायची. झंपर अंगाला लागलं ते सासरी. नव्या नवरीला परक्या शिंप्याचा हात लागायला नको, म्हणून धोंडुबाईंनी आपलंच एक झंपर मापाला दिलं होतं. त्यावरून पहिलं, पहिल्यावरून दुसरं. धोंडुबाई तर कायम अंग चोरून, खांदे आत ओढून बसणाऱ्या, एवढ्याशा दिसणाऱ्या. दीपमाला वळली. इतक्या वर्षांत तिने सासूला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. आज राग आवरेना.

“आत्या, तुमचं माप माझ्या अंगाला लावलंसा व्हय? मला वाटायचं, माझंच अंग वंगाळ हाय.”

सृष्टी टेप हातात घेऊन तशीच उभी राहिली. लग्नाआधीच सासू आणि आजेसासूत भांडण लावलं, असं तिला वाटलं असणार.

धोंडुबाई हळूहळू कॉटवरून उठल्या. ते जुनं झंपर हातात घेऊन त्यांनी खांद्याची शिवण बोटांनी चाचपली. मग दोन्ही खांद्यांवरचा पदर खाली सोडला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताठ उभ्या राहिल्या. खांदे चांगले रुंद होते. बाही जरा सरकवली, तर काखेपाशी दीपमालासारखाच काळा वळ होता.

दीपमालाचा राग कुठल्या कुठे गेला. तिने सासूचा हात धरला.

“हे माप माझं कुठलं गं,” धोंडुबाई म्हणाल्या. “मी लगीन हून आले तवा माझ्या सासूनं तिचं दिलतं.” आणि सृष्टीपुढं त्यांनी दोन्ही हात वर केले, जमतील तेवढे. “माझं बी घे गं पोरी.”