आधी अख्खा बाजार

पहिल्या पगारातून मला शिलाई मशीन घेऊन देणार म्हणून माझी लेक विशाखा सकाळपासून मोबाइल धरून बसली होती. चार ऑनलाइन दुकानांतली मशिनं तिनं शेजारी-शेजारी मांडली होती. एकाची मोटर दणकट, दुसऱ्याची दुरुस्ती गावातच होणार.

“घे की पहिलंच,” मी वैतागून म्हणाले.

“अख्खा बाजार फिरल्याशिवाय पिशवी उघडायची नाही,” ती मान वर न करता म्हणाली.

हे तर माझंच वाक्य. भेंडीसाठी मी आठवडी बाजारात दोन फेऱ्या मारायचे, तेव्हा छोटी विशाखा पदर ओढून रडायची.

चहाला आलेल्या नलूताई कौतुकानं म्हणाल्या, “चोखंदळ आहे हो पोरगी. बापावर गेलीय.”

“माझ्यावर गेलीय,” मी ठणकावलं. “तिचे बाबा अजून पहिल्याच टोपलीतली जून भेंडी घेऊन येतात.”