पाच तलंगा

आजही खुराड्यात अंडं नव्हतं. नलिनीने पेंढ्यातून हात फिरवला, पाचही कोंबड्यांना ढकलून बाजूला केलं आणि घाण झालेला हात नळाखाली धरला.

"थंडी आहे गं," मागून जयवंत म्हणाला. "कोवळ्या कोंबड्या पहिल्या हिवाळ्यात अशाच अडून बसतात."

गेले दोन महिने ती हेच ऐकत होती. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या भिंतीला टेकलेली त्यांची बैठी चाळ. जंगलाकडून येणारा गारठा जानेवारीत खरोखरच हाडांत शिरायचा. पण जयवंतने कोंबड्यांचे जे लाड चालवले होते, ते बाळंतिणीचेही कुणी करत नाही. खुराड्याला तिन्ही बाजूंनी गोणपाट. सकाळ-संध्याकाळ पिवळा बल्ब, कारण दिवस लहान झाला की कोंबडी अंड्यावर येत नाही म्हणे. प्यायला कोमट पाणी, खायला मक्याचा भरडा आणि शिंपल्यांचा चुरा. नलिनीची जुनी शालसुद्धा गोणपाटाच्या आत गेली, आणि ती बापडी नळावर कुडकुडत भांडी घासायची.

कोंबड्या गावाहून आल्या होत्या. दिवाळीनंतर जयवंत कोकणात गेला आणि घर, खळं, आंब्याची वीस कलमं, सगळं थोरल्या भावाच्या नावावर लिहून देऊन आला. आई गेल्यावर देवदत्तदादानेच त्याला वाढवलं होतं. त्याच्याकडे कसला हिस्सा मागायचा? निघताना दादाने एसटी स्टँडवर टोपली हातात दिली होती. "तलंगा आहेत, अजून एक अंडं घातलेलं नाही. महिन्याभरात घालायला लागतील. हा तुझा वाटा समज."

नलिनीला तेव्हाच ते झोंबलं होतं. तरी रोज सकाळी ती आशेने खुराड्यात हात घालायची. एक अंडं, फक्त एक अंडं निघालं असतं तर तिने दादांना मनातल्या मनात माफ केलं असतं.

रविवारी शेजारच्या प्रेमाकाकी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या. काकींचा अर्धा जन्म मालवणात कोंबड्या राखण्यात गेलेला. तिळगूळ तोंडात टाकून त्या सवयीने खुराड्याशी वाकल्या, एक कोंबडी उचलली, तिचे पाय उलटे करून पाहिले आणि खो खो हसल्या.

"गो नलिनी, ह्यो तलंगो कसल्यो? पायाचे खवले बघ! तीन-चार वर्सां अंडी घालून दमलेल्यो म्हाताऱ्यो ह्यो. आता बल्ब लाव नायतर सूर्य आणून टांग."

नलिनीचे कान तापले. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता. घर गेलं, कलमं गेली, आणि बदल्यात काय, तर गावात कुणी रश्श्यालाही घेणार नाही असल्या पाच कोंबड्या! काकींची पाठ वळताच ती मोबाइल घेऊन तरातरा मागच्या दारी आली. जयवंत बल्बची वायर नीट करत बसला होता.

"दादांना फोन लावतेय. तुम्ही नाही बोललात तर मी बोलणार. म्हाताऱ्या कोंबड्या गळ्यात मारल्यात त्यांनी तुमच्या. फसवलंय तुम्हाला, कळतंय का?"

जयवंतने वर पाहिलं नाही.

"गावात वाढलोय मी. टोपली हातात आली तेव्हाच पाय बघितले होते त्यांचे."

नलिनीचं बोट मोबाइलवरच थांबलं. "मग दोन महिने हे सगळं कशाला?"

त्याने वायरीला चिकटपट्टी गुंडाळली, दाताने तोडली.

"थंडी संपेपर्यंत तरी मला भाऊ असू दे, म्हटलं."