एक्केचाळिसावी वाटी

दर गुरुवारी वसाहतीतली चाळीस घरं सामाईक टाकीत एकेक वाटी विरजण ओतत आणि आठवडाभर त्याच टाकीतलं पीत. त्यातल्या जिवाणूंमुळे अकरा वर्षांत तिथे कुणी तापाने अंथरूण धरलं नव्हतं. आज टाकीवरचा दिवा लाल झाला होता.

"जिवाणू मारणारं औषध चालू असताना कुणीतरी वाटी ओतलीय," टाकी सांभाळणारी केतकी म्हणाली. "टाकीतलंच घेऊन लावलेलं घरोघरचं विरजणही मेलंय. संध्याकाळपर्यंत जिवंत मिळालं नाही, तर सगळं संपलं."

टाकीपाशी आलेल्या शेजारच्या हौसाबाई पुढे झाल्या. त्यांची नात पहाटेच जन्मली होती आणि टाकीतल्या विरजणाचा तिचा पहिला चमचा अजून व्हायचा होता.

"मीच ओतली," त्या म्हणाल्या. "दाढ ठणकत होती म्हणून गोळ्या घेत होते. वाटी चुकवायची लाज वाटली. आणि महिन्यापूर्वी कुंपणापलीकडच्या नूरजहाँला विरजण दिलं. बाहेर द्यायचं नसतं, ठाऊक आहे. पण तिची पोरं सारखी आजारी असायची."

"तिच्याकडे जिवंत असेल?"

"रोज लावते ती."

दोघी धावतच कुंपणाशी गेल्या. सगळं ऐकून नूरजहाँने भरलेलं पातेलं आणून दिलं.

"आधी बाळाला द्या, मावशी. आणि गुरुवारी माझी वाटी कितवी, तेवढं सांगा."

केतकीने फाटकाची कडी काढली. "एक्केचाळिसावी."