निंब, पारवा, मोट

“तीन शब्द सांगतले तं तिन्ही पाह्यजेत,” अन्नपूर्णाबाईंनी सुनेला दटावलं. “याच्यात मोट कुठं हाय?”

सोजरा ओशाळली. तिनं मोठ्या हौसेनं म्हणून दाखवलेली ओवी अशी होती:

निंबाच्या डहाळीला पारव्याचं जोडपं,
भाऊरायाच्या दारी जोंधळ्याचं टोपलं.

निंब होता, पारवा होता, पण मोटेचा पत्ताच नव्हता. ओवी बाद झाली.

समोर बसलेल्या केसरबाईचा चेहरा उतरला. बिचारी जालन्याकडून एस.टी. बदलत बदलत अमडापूरला आली होती. तिची आई याच गावात नांदली आणि केसर तीन वर्षांची असताना वारली. बापानं गाव सोडलं, दुसरं लग्न केलं, आणि त्या घरात आधीच्या बाईचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. आईचं म्हणून केसरबाईजवळ उरलं होतं ते एवढंच: आईच्या मांडीवर टेकलेलं डोकं, घरघरणारं जातं आणि एक ओवी. तीही अख्खी नाही. निंब, पारवा आणि मोट, एवढेच शब्द कानात राहिले होते.

“परवा लेकीची हळद दळायची हाय,” ती म्हणाली. “त्या जात्यावर मला मायची ओवी म्हणायची हाय. लग्नात माय तेवढी तरी आल्यासारखी होईल.”

गावात गिरणी आल्यापासून जाती कोपऱ्यात गेली होती. अन्नपूर्णाबाईंच्या डोक्यातल्या ओव्या मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. एक शब्द सांगा, त्या दिवस मावळेपर्यंत गात बसतील. दुसरा सांगा, त्यातल्या निम्म्याअधिक गळतील. तिसरा सांगितला की उरल्या तर एक-दोन. सुपात धान्य पाखडावं तशा त्या मनातल्या मनात ओव्या पाखडत, आणि सगळे शब्द असलेली तेवढीच बाहेर काढत. सोजराला सासरी येऊन इतकी वर्षं झाली, तरी या गोष्टीचं नवल काही सरलं नव्हतं. एवढंसं डोकं, पांढरा अंबाडा, आणि आत केवढं कोठार! कधी कधी तिला सासूची भीतीच वाटायची.

“कोणाची लेक म्हणतली तू?” अन्नपूर्णाबाईंनी पुन्हा विचारलं.

“चंद्रभागेची.”

म्हातारीनं डोळे मिटले. ओठ हलू लागले. सोजरा श्वास रोखून बघत राहिली. आता निंबाच्या ओव्या रांगेनं येत असतील, पारवा नसलेल्या माघारी जात असतील, मोट नसलेल्या त्यांच्यामागे. देवळात उभं राहिल्यासारखे तिचे हात आपोआप जुळले.

ओठ थांबले.

“मूठभर जोंधळे टाक अन् जातं ओढ,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या स्वतः सोजरासमोर येऊन बसल्या आणि गाऊ लागल्या.

दारीच्या निंबावरी पारवा गं बोलतो,
मोटेच्या नादावर केसरचा पाळणा डोलतो.

“माझं नाव!” केसरबाईला हुंदका फुटला. “त्यात माझं नाव होतं! अन् आवाज बी तोच. थेट मायचाच आवाज हो!”

सोजराच्या अंगावर सरसरून काटा आला. ओवी तर ओवी, म्हातारीनं मेलेल्या बाईचा आवाजही सांभाळून ठेवला होता.

“मायचीच हाय ना ही?” केसरबाईनं डोळे पुसत विचारलं.

“हाव. तिचीच. दुसऱ्या कोणाची नाही,” अन्नपूर्णाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “लेकीच्या हळदीले खुशाल म्हण.”

केसरबाईनं ओवी घोकून घोकून तोंडपाठ केली, म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं ती गेली. जाताना तिचा चेहरा असा फुलला होता की सोजराही तिला सोडायला पार वेशीपर्यंत गेली.

परत आल्यावर मात्र तिला राहवलं नाही. “आत्याबाई, इतक्या वर्षांनी तिच्या मायचा आवाज तुम्हाले कसा आठवला?”

अन्नपूर्णाबाई जात्याभोवतीचं पीठ गोळा करत होत्या.

“तिले कधी सांगू नोको, सोजरा,” त्या म्हणाल्या. “चंद्रभागा जन्माची मुकी होती. दळाची ती, म्हणाची मी.”